मारुती ८०० चं इंजिन घरीच खोलतोय, बजेट वीस हजार

गणितमास्तर

नमस्कार मंडळी,

बाबांनी ही गाडी १९९६ साली घेतली. एमएच ११ पासिंग, कार्ब्युरेटर, चार गिअर, ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन. माझ्या बारावीच्या निकालाला, बहिणीच्या लग्नाला, आजीला शेवटचं दवाखान्यात न्यायला हीच गाडी होती. गेल्या वर्षभरात मात्र ती थकली आहे. सकाळी चालू करताना निळा धूर निघतो, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते आणि कराडहून निघाल्यावर खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरलाही रडते.

पुढच्या वर्षी पुन्हा पासिंग आहे. वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी आता १०,००० झाली आहे. एवढे पैसे भरून धूर ओकणारी गाडी आरटीओपुढे उभी करायची नाही. इथल्या एका गॅरेजने इंजिनकामाचे ३४,००० सांगितले, तेही ‘उघडल्यावर बघू’ या बोलीवर. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरीच खोलायचं ठरवलं आहे. पाने आहेत, वेळ आहे, मोकळी शेड आहे. बोअरिंग (सिलेंडर आतून कापून मोठा करणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा घासून घेणं) घरी होत नाही, ते बाहेरून करून घेणार. बाकी सगळं काम आपल्या हातानं.

खोलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते, घेतलं. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा:

पहिला सिलेंडर ९.५ किलो
दुसरा ६
तिसरा ९

मग प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. दुसरा ६ वरून ९.५ वर गेला, पहिला ११.५ वर. तिसरा जेमतेम ९.३. म्हणजे पहिल्या दोन सिलेंडरांत रिंगमधून दाब गळतोय आणि तिसऱ्यात बहुतेक व्हॉल्व्हमधून, असं मी धरतो. ऑइलने रिंगची फट तात्पुरती बुजते, व्हॉल्व्हची बुजत नाही.

जाणकारांनी काही चुकत असेल तर सांगावं. पिस्टन-रिंगचा संच आधीच मागवून ठेवू का?

---

उद्यमनगरचा_तात्या

मास्तर, आधी काही मागवू नका. खोला, मापा, मग मागवा. पिस्टन स्टँडर्ड लागणार, ०.२५ मिलिमीटरनं मोठा लागणार की ०.५० नं, हे बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) सांगतो, आपण नाही. आमच्याकडं दर महिन्याला एकजण तरी चुकीच्या साईजचा संच काखेत मारून येतो आणि मग दुकानदार परत घेत नाही म्हणून हळहळतो.

तुमचं कॉम्प्रेशनचं वाचन बरोबर आहे. आणखी एक करा. हेड उतरवलं की ते उलटं ठेवा, प्लग जागेवर बसवा आणि प्रत्येक खोलग्यात रॉकेल ओता. पाच मिनिटं थांबा. ज्या पोर्टमधनं रॉकेल झिरपतंय तो व्हॉल्व्ह सीट धरत नाही.

आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे, हे कुणाच्याही हातात देताना दोनदा सांगा. काही ठिकाणी ब्लॉक आणि हेड एकाच कॉस्टिकच्या हौदात टाकतात. बीडाच्या ब्लॉकला कॉस्टिक चालतं, ॲल्युमिनियमला ते खातं. सकाळी हेड काढायला गेलात तर वरचा चकाकता फेस चाळणीसारखा झालेला मिळतो.

इंजिन शेडच्या कैचीला टांगू नका. पत्रा पेलण्यासाठी बांधलेली कैची इंजिन पेलत नाही. तीन जीआय पाइपांचं तिकाटणं करा आणि चेनपुली भाड्यानं आणा. गाडीखाली जायची वेळ आली तर जॅकवर विसंबू नका, खाली घोडे लावा. ही एक गोष्ट मी हात जोडून सांगतो.

---

शतांश

मी चिंचवडला मापनशाळेत काम करते, म्हणून मापाबद्दल थोडं.

बोअर एका ठिकाणी मोजून काही कळत नाही. वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांना मोजा: क्रँकच्या रेषेत एकदा, तिला काटकोनात एकदा. झीज काटकोनातल्या दिशेला जास्त असते, कारण कनेक्टिंग रॉड तिरका झाला की पिस्टनला त्या भिंतीवर दाबतो. आणि वरच्या टोकाला जास्त असते, कारण तिथे स्फोटाचा दाब सर्वाधिक आणि ऑइल सर्वांत कमी.

व्हर्नियरने बोअर मोजू नका. त्याच्या जबड्यावर शतांश मिलिमीटरचा भरवसा ठेवता येत नाही. बोअर डायल गेज विकत घ्यायची गरज नाही. कराडला एमआयडीसी आहे, कुठल्याही मशिनशॉपमध्ये ब्लॉक नेलात तर दहा मिनिटांत मोजून देतील. फक्त ब्लॉक स्वच्छ आणि कोरडा न्या आणि उन्हातून थेट टेबलावर ठेवू नका. सावलीत तासभर विसावू द्या.

---

गणितमास्तर

तात्या, शतांशताई, मनापासून आभार. इंजिन खाली आलं. तिकाटणं शेजारच्या वेल्डरकाकांनी करून दिलं.

खोलताना प्रत्येक बेअरिंग कॅपवर आणि रॉडवर मार्करने नंबर घातले, कुठलं तोंड पुढे ते बाणाने दाखवलं. टायमिंग बेल्ट काढण्याआधी सगळ्या खुणा जुळवून फोटो काढले. बोल्ट काढले त्या क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचत गेलो, पुठ्ठ्यावर जागेचं चित्र काढून. हा पुठ्ठा पुढे फार उपयोगी पडला.

दुसऱ्या सिलेंडरच्या वरच्या कडेला बोट फिरवलं तर नख अडकत होतं. रिंग जिथवर पोचते तिथे झीज आणि त्याच्या वर मूळचा न झिजलेला काठ, अशी पायरीच पडली होती. एमआयडीसीत मोजून आणलं. मूळ बोअर ६८.५० मिमी. माझा दुसरा सिलेंडर काटकोनाच्या दिशेला वर ६८.६३, खाली ६८.५१.

रॉकेलच्या परीक्षेत तिसऱ्याच्या एक्झॉस्टमधून ओघळ आला. तो व्हॉल्व्ह गाइडमध्ये हाताला जाणवेल इतका डुलतो. पहिल्याचाही थोडा.

---

नवशिक्या८००

मास्तर, माझीही ८०० आहे, आणि माझं बजेट तुमच्या निम्मं आहे. ०.१२ मिलिमीटर म्हणजे केसाच्या जाडीएवढा फरक. नुसत्या नवीन रिंगा टाकून, वरून होन मारून (दगडाने भिंत घासून) चालणार नाही का? आमचे मेकॅनिक म्हणतात चालतं.

---

गणितमास्तर

हाच प्रश्न मलाही पडला होता, म्हणून वहीत मांडून पाहिला.

रिंग बोअरच्या आतल्या परिघावर बसते आणि परीघ म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. व्यास ०.१२ ने वाढला की परीघ ०.३८ मिमीने वाढतो. म्हणजे खाली रिंगच्या दोन टोकांमधली फट ०.२० ठेवून ती बसवली तर वर पोचेपर्यंत तीच फट ०.५८ होते. दाब नेमका वर असतो, गळतीची वाटही तिथेच रुंद होते. आणि प्रत्येक वेळी वर-खाली जाताना ती रिंग ०.३८ ने उघडते आणि मिटते. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा पिस्टन या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. नवीन रिंग किती दिवस टिकणार?

त्यात वरची पायरी राहिली तर नव्या रिंगची धारदार कड तिच्यावर आपटते आणि रिंग तुटू शकते.

तुमचा बोअर मोजल्यावर फरक दोन-तीन शतांशच निघाला, तर मात्र होन आणि रिंगा एवढ्यावर खुशाल भागवा. फक्त आधी मोजा. मापाला शंभर रुपये लागतात, पुन्हा इंजिन उतरवायला दोन रविवार.

---

घाटवाट

एक वेगळा पर्याय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी इंजिनं अख्खी मिळतात. तेच बसवून मोकळे व्हा की.

---

गणितमास्तर

विचार केला होता. दोन कारणांनी सोडला. एक, इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तो आरसीवर नोंदलेला आहे. दुसरा ब्लॉक टाकला की आरटीओत बदलाची नोंद करावी लागते, त्यासाठी त्या इंजिनाची खरेदीची आणि मालकीची कागदपत्रं लागतात. पासिंग तोंडावर असताना ती धावपळ नको. दुसरं, ते इंजिन आतून कसं आहे हे ते खोलल्याशिवाय कळणार नाही. मग खोलायचंच असेल तर आपलंच का नको, ज्याचं सर्व्हिसिंग मी स्वतः पाहत आलोय?

आणि हे ब्लॉक बाबांच्या गाडीचं आहे. मला ते तसंच ठेवायचं आहे.

---

उद्यमनगरचा_तात्या

हे शेवटचं वाक्य लई आवडलं.

६८.६३ आहे म्हणजे ०.२५ ला, ६८.७५ ला, सहा शतांश एका बाजूनं मिळतात. बोअर वाकडा झिजला नसेल तर ०.२५ मध्ये निघंल. ०.५० ला जायची घाई करू नका. जेवढं कमी कापाल तेवढं पुढच्या खेपेसाठी शिल्लक राहतं.

---

गणितमास्तर

एक अडचण झाली, ती सविस्तर सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची होऊ नये.

०.२५ चा पिस्टन संच मागवला आणि तो यायच्या आधीच ब्लॉक इथल्या एका मशिनशॉपमध्ये ठेवला. त्यांना सांगितलं होतं की पिस्टन आल्यावरच बोअर मारा. शनिवारी पिस्टन घेऊन गेलो तर बोअरिंग आटोपलेलं. ‘साईज ठरलेलीच असते, पिस्टन कशाला लागतो’ असं उत्तर मिळालं. घरी आणून पिस्टन उलटा करून हातानं आत सोडला. पहिल्या आणि तिसऱ्यात तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेला. दुसऱ्यात मध्यावर अडकला. मोजून घेतलं तेव्हा दुसऱ्यात फट फक्त दोन शतांश, बाकी दोघांत साडेतीन. संचाच्या कागदावर चार ते पाच शतांश दिली आहे.

त्या रात्री झोप नीट लागली नाही.

---

शतांश

मास्तर, बोअर लहान राहिला हे नशीब समजा, कापायला जागा आहे. मोठा झाला असता तर थेट ०.५० च्या संचाचा खर्च होता.

पिस्टन तापला की ॲल्युमिनियम बीडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन शतांशावर इंजिन थंड असताना चाललं असतं आणि पहिल्याच घाटात पिस्टन जाम झाला असता. आणखी एक: पिस्टनचा व्यास स्कर्टच्या खालच्या भागात, गजन पिनेला (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेला) काटकोनात मोजायचा. पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता केलेला असतो. वरच्या डोक्याचा व्यास घेऊन फट काढली तर ती खोटी मोठी दिसते.

---

उद्यमनगरचा_तात्या

ब्लॉक घेऊन या कोल्हापूरला. तिन्ही पिस्टन सोबत आणा. प्रत्येक सिलेंडर त्याच्या त्याच्या पिस्टनला होन करून देतो आणि पिस्टनवर नंबर टाकून देतो. क्रँकही आणा, जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गोल भागावर) नख फिरवून बघू.

---

गणितमास्तर

काल जाऊन आलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत बोअरिंग, दुसरीत क्रँक ग्राइंडिंग, तिसरीत गिअरचे दात कापणारे, आणि मध्ये चहाची टपरी. सकाळी नऊला दिलेलं काम दुपारी चारला हातात.

तात्यांनी होनचे दगड खाली-वर सोडताना मला शेजारी उभं केलं. भिंतीवर दोन्ही बाजूंनी तिरक्या बारीक रेघा उमटत होत्या, जाळी विणल्यासारख्या. ‘ह्या रेघा म्हणजे ऑइल धरून ठेवणारी जागा. आरशासारखा गुळगुळीत बोअर चांगला दिसतो, पण त्यावर रिंग बसत नाही.’ दर दोन-चार फेऱ्यांनी थांबून, रॉकेलने पुसून, थंड होऊ देऊन ते गेज लावत होते. तिन्ही सिलेंडर साडेचार शतांशावर आणून दिले.

क्रँकच्या दोन बिग एंड (रॉड जोडतात त्या) जर्नलवर चरे होते, म्हणून ०.२५ ने ग्राइंड केला. ग्राइंड झाल्यावर तात्यांनी तेलाच्या भोकांच्या कडा मोडून घेतल्या आणि जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई शाबूत आहे ना ते दाखवलं. तो कोपरा काटकोनी झाला तर क्रँक तिथूनच तडकतो.

---

नवशिक्या८००

घरी आणल्यावर धुवायचं कसं? पेट्रोलनं?

---

गणितमास्तर

नाही. हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं लांबवतो.

होनिंगच्या दगडाची पूड त्या तिरक्या रेघांत अडकून बसते. पेट्रोल किंवा रॉकेल तेलकटपणा काढतं, पूड तशीच राहते, आणि मग तीच पूड नव्या रिंगा घासून काढते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश लागतो.

बाबांचं जुनं धोतर फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. धुवायचं, पांढरी पट्टी पिळून आतून फिरवायची, उजेडात बघायची. पहिली पट्टी काळी आली. दुसरी, तिसरी करडी. चौथ्या धुण्यानंतर मला स्वच्छ वाटली, पण बाबांनी ती दारात उन्हात नेली आणि म्हणाले, ‘अजून आहे.’ सहाव्या वेळेला पट्टी पांढरी निघाली. लगेच कोरडं करून भिंतींना ऑइलचा हात फिरवला, कारण उघडं बीड तासाभरात तांबूस होतं. ब्लॉकमधले ऑइलचे मार्गही लांब ब्रशने घासले आणि हवा मारली.

---

उद्यमनगरचा_तात्या

बाबांना माझा नमस्कार सांगा. असा माणूस शेडमध्ये हवा.

जुळवणीला बसाल तेव्हा: वरच्या दोन रिंगांवर बारीक अक्षराची खूण असते, ती वर. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला. रिंग आधी मोकळी बोअरमध्ये घालून, पिस्टनच्या डोक्यानं सरळ ढकलून, फट फिलर गेजनं मोजा. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवू नका. मेन बेअरिंगची एकेक कॅप कसली की क्रँक हातानं फिरवून बघा. ज्या कॅपनंतर तो जड झाला, दोष तिथंच.

हेड बोल्टची भोकं हवेनं साफ करा. तळाला पाणी-ऑइल राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जातो.

---

गणितमास्तर

तिसऱ्या मेन कॅपनंतर क्रँक जड झाला, तात्या. शेल (बेअरिंगची वाटी) काढून पाहिलं तर पाठीमागे धोतराचा एक धागा अडकला होता. साफ केल्यावर दोन बोटांनी फिरला.

हेडला फेसिंग, सीट कटिंग आणि दोन एक्झॉस्ट गाइड नवे. व्हॉल्व्हच्या सगळ्या ऑइल सील बदलल्या, सकाळचा निळा धूर बराचसा त्यांचाच होता. हेड बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत: २०, ४० आणि शेवटी ५८ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नवीन घेतला, त्यात काटकसर केली नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनाला ०.१५ मिमी.

रविवारी सकाळी प्लग न बसवता, कॉइलची वायर काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारला. तिसऱ्या खेपेला ऑइलचा दिवा विझला. मग प्लग बसवले. बाबा स्टिअरिंगवर बसले. दुसऱ्या चावीला इंजिन धरलं. सुरुवातीला पांढरट वाफ आणि जळक्या तेलाचा वास आला, तो जुळवणीच्या वेळी लावलेल्या तेलाचा, दहा मिनिटांत गेला. आईने बोनेटवर हळद-कुंकू वाहिलं.

हिशेब:

पिस्टन-रिंग संच ३,९००
मेन, बिग एंड बेअरिंग आणि थ्रस्ट १,६५०
गॅस्केट संच, ऑइल सील १,१५०
बोअरिंग, होनिंग १,५००
क्रँक ग्राइंडिंग १,४००
हेडचं काम १,६००
टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप १,८५०
ऑइल पंप १,१००
ऑइल दोनदा, फिल्टर, कूलंट २,३५०
डिझेल, एमरी, लॅपिंग पेस्ट, सीलंट वगैरे ९००
टॉर्क पाना, कॉम्प्रेशन गेज, रिंग कॉम्प्रेसर, फिलर गेज ३,६००

एकूण २१,०००. कोल्हापूरच्या फेरीचं भाडं वेगळं. तात्यांनी होनिंगचे पैसे घ्यायला नको म्हटलं होतं, मी दिले.

हजाराने बजेट ओलांडलं, पण ३,६०० ची हत्यारं आता घरची आहेत. नवशिक्या, ती तुम्हाला हवी तेव्हा न्या. कॉम्प्रेशन गेज तर याच आठवड्यात न्या.

---

नवशिक्या८००

शनिवारी येतो मास्तर. रनिंग-इन (नवं केलेलं इंजिन रुळवणं) कसं करताय? मला कुणी सांगतं चाळीसच्या वर जाऊ नका, कुणी सांगतं तासभर जागेवर चालू ठेवा.

---

गणितमास्तर

जागेवर चालू ठेवून रिंगा बसत नाहीत. रिंगेच्या मागे दाब आला तरच ती भिंतीला टेकते, आणि तो दाब इंजिनवर भार असतानाच येतो. म्हणून पाणी तापलं, गळती नाही हे पाहिलं आणि लगेच रस्त्यावर नेली. कराड-पाटण रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला अर्ध्या थ्रॉटलने वेग वाढवायचा, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यायची, असं सकाळी तासभर. पाय काढल्यावर सिलेंडरमध्ये ओढ निर्माण होते आणि थोडं ऑइल वर येऊन रिंगांना मिळतं. एकाच वेगाने लांब जायचं नाही, जास्त आरपीएमला ताणायचं नाही, चार माणसं घेऊन घाट नाही. पहिलं ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-४० आणि ते ५०० किलोमीटरला फिल्टरसकट काढायचं. काढलेलं ऑइल गटारात सोडू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांना द्या.

---

गणितमास्तर

५२० किलोमीटर झाले. ऑइल बदललं. पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात पाहिलं तर बारीक चंदेरी कण होते, बोटाला टोचेल असं काही नाही. टॅपेट पुन्हा पाहिले, गरम इंजिनाला ०.२५, एक सैल होता तो बसवला.

कॉम्प्रेशन: १२.५, १२.३, १२.५.

काल बाबा स्वतः चालवत खंडोबाच्या दर्शनाला पालीला जाऊन आले. येताना त्यांनी एवढंच सांगितलं, की दुसरा गिअर उतरताना किंचित कुरकुरतो. तात्या, गिअरबॉक्सचं सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) गाडीवरून न उतरवता तपासायचा काही मार्ग आहे का?